काटा हलत न्हाई

मी त्या लोकांना माफ केलेलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी वाट बघत बसायला नको की आता म्हातारी मऊ पडेल, आता म्हणेल जाऊ द्या, तीही माणसंच होती. माझे गुडघे गेले, दात गेले, रेल्वेच्या तिकीट खिडकीतली नोकरी संपून पेन्शन लागली, पण तो राग काही गेला नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही. मुलगा म्हणतो, आई, बीपीची गोळी घेऊन मग लिहायला बस. मी घेते. गोळीनं बीपी उतरतं, राग जागचा हलत नाही.

आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं आईनं लावलेला शेवगा. आमचे आप्पा, म्हणजे वडील, मालगाडीवर गार्ड होते. यार्डात डबे एकमेकांना जोडायचे तेव्हा धडाधड आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचा आणि आमच्या फडताळातली भांडी थरथरायची. पाहुणे दचकायचे. आम्ही मात्र यार्ड गप्प झालं की दचकायचो, काय झालं म्हणून बाहेर येऊन बघायचो. आप्पा ड्युटीवरून आले की दारात लोखंडी पेटी ठेवायचे, हिरवा-लाल झेंडा खुंटीला लावायचे आणि आईला विचारायचे, "काय हाय?" म्हणजे जेवायला काय आहे. बाजारच्या दिवशी भीमेतली चिलापी असायची. आई ती तिखट-मीठ लावून तव्यावर कडक करायची, सोबत बाजरीची भाकरी आणि पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी. आप्पा बोलायचे कमी, पण कॉलनीत त्यांच्या शब्दाला किंमत होती. नळावरून दोन बायांची जुंपली की तिसरी म्हणायची, चला, गार्डसाहेबांना विचारू. आप्पा बनियनवर बाहेर येऊन दोन वाक्यांत निकाल द्यायचे, आणि दोघीही तो ऐकायच्या. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं त्या माणसांनी आमचं जे नेलं ते नेमकं हेच.

सुमनताई माझी थोरली बहीण. शांत, शिवणकाम करणारी, बोलताना खाली बघणारी. मी बरोबर उलटी. मला आई म्हणायची, "मंदे, तुझ्या जिभंला हाड न्हाई, तुला कोण करून घेणार?" सुमनताईसाठी शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं एक स्थळ आलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं चांगली माणसंही राहतात. मुलगा राजेंद्र, रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. त्याला वडील नव्हते. घरात आई, आणि सगळा कारभार चुलत्यांच्या हातात. त्या चुलत्यांना सगळे शिवरामनाना म्हणत. बैलगाडा शर्यतीत त्यांचं मोठं नाव आहे, आसपासच्या यात्रांत त्यांच्याशिवाय पान हलत नाही, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. आम्ही रेल्वेची माणसं, आम्हाला बैलगाड्यातलं काय कळणार? आम्ही माना हलवल्या. राजेंद्र दिसायला बरा होता, हसायचा छान. पसंती झाल्यावर तो शेजारच्यांच्या फोनवर फोन करायचा, आणि हाक आली की सुमनताई हातातली कात्री तशीच घेऊन पळायची. परत येताना तिचे कान लाल झालेले असायचे. मी चिडवलं की म्हणायची, "गप गं, आई ऐकंल."

आईची धाकटी बहीण, कमलमावशी, मस्कतला दवाखान्यात नर्स होती. तिनं लग्न केलं नव्हतं. सुमनताई म्हणजे तिचा जीव. साखरपुड्याला ती रजा काढून आली आणि येताना जावयासाठी घड्याळ घेऊन आली. पेटी उघडली आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो. असलं घड्याळ दौंडात कुणी पाहिलं नसेल. पोलादी, हातात घेतलं की जड लागणारं. काळी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, डावीकडं एक, उजवीकडं एक, खाली एक. कडेनं बारीक आकडे कोरलेले, ते म्हणे गाडीचा वेग मोजायचे. काच अशी की नख मारलं तरी चरा उठत नाही. किल्ली द्यायच्या डोक्याच्या वर एक आणि खाली एक बटण, आणि दोन्ही बटणांना पाणी आत जाऊ नये म्हणून आट्यांची बांगडी. आणि उलटं केलं तर मागंही काच! आत तांबूस-पिवळी चाकं, निळे स्क्रू, एक चाक पुढं-मागं करतंय, सगळं उघडं दिसत होतं. आप्पा डोळ्याला लावून कितीतरी वेळ बघत राहिले. "सेल न्हाई व्हय ह्याला?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "नाही दाजी, सगळं चाकांवर. रोज सकाळी किल्ली द्यायची. आणि दुकानात त्या माणसानं दाखवलं ना, हा मोठा काटा असा पळत गेला, थांबला, आणि झटकन जाग्यावर आला. मी तर बघतच राहिले." पण तो कसा पळवायचा हे काही तिनं विचारून घेतलं नव्हतं. तिला वाटलं, घड्याळ आहे, चालेलच की.

आज पुण्यात गेले की मॉलमध्ये असल्या घड्याळांचं दुकान लागतं. मी आत जाते, घ्यायचं नसतं तरी. मागं एकदा तिथल्या पोरीनं माझ्यापुढं एक ठेवलं आणि घाईघाईनं म्हणाली, "आंटी, ये बडा काँटा खराब नहीं है, ये दबाने पे चलता है." मी म्हटलं, बाळा, हे तू मला नको सांगूस. तिला काय माहीत, त्या एका वाक्यावाचून आमच्या घराची काय दशा झाली होती.

साखरपुडा त्यांच्या गावी होता. आम्ही टेम्पो करून गेलो, पुरुष मागं उभे, बायका खाली सतरंजीवर. मंडपात त्यांची माणसं भरपूर, आमची मोजकी. मसालेभाताचा वास सुटला होता, जिलेबीचा घाणा चालू होता आणि भोंग्यावर गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागे. सकाळीच मावशीनं घड्याळाला किल्ली देऊन स्टेशनच्या वेळेवर लावलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी की आधी मुलीचा बाप नवरदेवाला टिळा लावून टोपी-टॉवेल, नारळ आणि जी काही वस्तू असेल ती देतो, आणि मग सुपारी फोडतात. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. तोपर्यंत कुणी कुणाला बांधील नाही. आप्पांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी टिळा लावला, टोपी घातली आणि राजेंद्रच्या मनगटावर ते घड्याळ बांधलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी आईला कोपरानं ढोसून दाखवला.

शेजारी शिवरामनाना बसले होते. त्यांनी राजेंद्रचा हात आपल्याकडं ओढला, घड्याळावर वाकले, बोटानं काचेवर टकटक केलं. वरचं बटण दाबलं, खालचं दाबलं. बटणं आत गेली नाहीत. मग त्यांनी हात वर करून भोंगा बंद करायला लावला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काटा हलत न्हाई."

सगळे उठून बघायला लागले. खरंच, तो लांब, बारीक, मधला काटा सरळ वर, बाराच्या आकड्यावर उभा. ढिम्म. "बंद घड्याळ बांधलंया पोराच्या हाताला," नाना म्हणाले. "बटणं बी जाम हायती." आप्पा पुढं झाले, "अवं, टाइम तर बरोबर हाय की." "टाइम काय, बांधायच्या आधी लावला आसंल बोटानं फिरवून," नाना म्हणाले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "नाना म्हंत्यात म्हंजी बंदच. घड्याळातलं नानांस्नी कळतं." आणि तेवढ्यात आमची मावशी, भाबडी, मधे घुसली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "अहो, दुकानात हा काटा पळत होता! मी डोळ्यांनी बघितला!" झालं. आमच्याच माणसानं सांगितलं की काटा पळायला हवा होता. राजेंद्रची आई उभी राहिली. "सोन्यासारख्या पोराला बंद पडल्यालं घड्याळ? ह्यो काय शकुन हाय व्हय? सुपारी आज फुटायची न्हाई." नानांनी घड्याळ सोडवलं आणि आप्पांच्या हातात न देता नारळाच्या ताटात टाकलं.

आणि आप्पांनी हात जोडले. भर मंडपात, त्या माणसापुढं. "चूक झाली, नाना. दुरुस्त करून आणतो. सुपारी थांबवू नका." हे मी ऐकलंय. माझ्या कानांनी ऐकलंय. राजेंद्र पाटावर बसून टोपीशी खेळत होता. सुमनताई आत बायकांत बसली होती, हिरवी साडी नेसून, आणि तिला काय झालंय ते कुणी सांगेना. जिलेबी कुणी खाल्ली मला माहीत नाही. आम्ही तशीच टेम्पोत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडताळातून चहाची साखर काढत होते. घड्याळ तिथंच पेटीविना पडलेलं. यार्डात शांतता होती म्हणून मला आवाज आला, बारीक, भरभर, किर्र असा. उचलून पाहिलं तर डाव्या छोट्या तबकडीतला काडीएवढा काटा फिरतोय! टकटक उड्या मारत नव्हता, सरकत होता, गोल गोल. वेळ बघितली तर आप्पांच्या ड्युटीच्या घड्याळाशी तंतोतंत. "आप्पाऽऽ" म्हणून मी जी ओरडले ती शेजारची बाई धावत आली. मग मी वरच्या बटणाची बांगडी नखानं धरून फिरवली, ती आट्यांवरून सैल झाली, बटण दाबलं, आणि तो मोठा काटा सुटला की! पुन्हा दाबलं, थांबला. खालची बांगडी सैल केली, ते बटण दाबलं, झटकन वर जाऊन उभा राहिला. मागच्या काचेतून दिसायचं, दर दाबण्याला एक चिमुकला दांडा उचलला जायचा आणि दुसऱ्या चाकाच्या दातात पडायचा. म्हणजे तो काटा बंद पडला नव्हता. त्याची जागाच ती. कुणी मोजायला लावलं तर पळायचं, नाहीतर वर उभं राहायचं. मावशी कपाळाला हात लावून खाली बसली. आप्पांनी मात्र तोंडसुद्धा धुतलं नाही, घड्याळ खिशात घातलं आणि शिरूरची एसटी पकडली.

तिथं काय झालं ते आप्पांनी आईला सांगितलं आणि मी भिंतीआडून ऐकलं. त्यांना आत घेतलंच नाही. राजेंद्रच्या आईनं उंबऱ्यात उभं राहूनच विचारलं, "काल बंद, आज चालू? कुठनं दुरुस्त करून आणलं?" आप्पा म्हणाले, बाई, नुसतं बघा तरी. ती म्हणाली, लोकांत झालं ते झालं. नाना आतल्या खोलीत खोकत होते, बाहेर आले नाहीत. आप्पा परत आले ते गप्प झाले ते झालेच. आठवड्याभरात कानावर आलं की साखरपुड्याची तारीख ठरल्यानंतर त्यांना दुसरं स्थळ सांगून आलं होतं, एमआयडीसीत जमीन जाऊन पैसा आलेल्यांचं, मोठं. आपण होऊन मोडलं असतं तर त्यांचं नाव गेलं असतं. आता आमचंच नाक कापून ते मोकळे. वर आणखी बोलायला लागले की घड्याळ फुटपाथवरचं नकली होतं, आणि मस्कतला एकटी राहणारी बाई कसली नोकरी करत असेल कुणाला ठाऊक. मावशी हे ऐकून विमानात बसली. कॉलनीत नळावर पुन्हा भांडण झालं तेव्हा कुणी आमच्या दारात आलं नाही. आप्पा खिडकीतून ऐकत बसले होते.

सुमनताई एकच म्हणायची, "नाना तसले, आई तसली, पण त्यांना काय ठाऊक, बिचाऱ्यांना." त्यांना म्हणजे राजेंद्रला. शेजारी फोन वाजला की अजून तिची मशीन थांबायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण खरं सांगायचं तर तोवर मीही एवढंच समजत होते की ती माणसं अडाणी आणि लबाड, काटा कळला नाही आणि मोडायला निमित्त मिळालं.

चैत्रात आईच्या माहेरी यात्रा होती, त्याच शिरूर तालुक्यात, नानांच्या गावापासून जवळच. दत्तूमामा, आईचा भाऊ, मला न्यायला आला. घड्याळ मी हातात घातलं होतं. घरात ते कुणाला डोळ्यांपुढं नको होतं आणि मला ते फडताळात पडलेलं बघवत नव्हतं. माझ्या मनगटावर ते कोपराकडं घसरायचं. देवदर्शन झालं, मटणभाकरी झाली आणि मामा म्हणाला, "चल, घाट दाखवतो." बाया घाटात फारशा जात नसत, पण मामाला माझा हट्ट ठाऊक होता. घाट म्हणजे चढाची लांबलचक सरळ वाट. खालून बैलांचा गाडा सुटतो, पुढं घोडी पळते, वर निशाणापाशी पोचेपर्यंत किती सेकंद लागले त्यावर सगळा खेळ. एका गाड्याची ती एक बारी. सगळ्यांत कमी सेकंदांवाला तो घाटाचा राजा. दोन्ही बाजूला माणूसच माणूस, गुलालाचा धुरळा, रेवड्यांच्या हातगाड्या, आणि भोंग्यावर निवेदकाचा तो भिर्रर्रर्र! वर मांडवात कमिटी बसली होती. आणि मांडवाच्या पुढं, सगळ्यांना दिसेल असं, शिवरामनाना. गळ्यात काळ्या दोरीला घड्याळ.

"घड्याळ नानांकडंच असतं," मामा म्हणाला. "आख्ख्या तालुक्यात. त्यांचा सेकंद म्हंजी शेवटचा शब्द." साखरपुड्याच्या दिवशी मामा त्याच्या सासुरवाडीला मयतीला गेला होता, त्यामुळं मंडपात काय झालं ते त्यानं नुसतं ऐकलं होतं. मी पुढं सरकले, इतकी की नानांच्या हातातली तबकडी दिसायला लागली. एकच मोठा काटा. सरळ वर. उभा. ढिम्म. शेकडो डोळे त्यावर, आणि कुणी म्हणत नव्हतं की बंद आहे! खाली गाडा सुटला, नानांचा अंगठा दाबला गेला, काटा पळाला. निशाण पडलं, दाबलं, थांबला. आकडा सांगितला, पुन्हा दाबलं, काटा झटकन वर. उभा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसानं जन्मभर असला काटा हाताळला होता. वर उभा काटा म्हणजे घड्याळ तयार, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नसेल. त्याला पहिल्या नजरेत कळलं होतं. कळलं होतं आणि भोंगा बंद करून, लोकांना ऐकवून, तो खोटं बोलला होता. आणि माझ्या बापानं त्याच्यापुढं हात जोडले होते. मी मामाला काही बोलले नाही. तो अडवील म्हणून. सरळ मांडवात शिरले आणि निवेदकाला म्हणाले, "मला घाटाच्या राजाला बक्षीस द्यायचंय."

निवेदकाला काय, बक्षीस म्हटलं की हात पुढं. "सांगा ताई, कुणाकडनं?" मी घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं आणि आप्पांचं नाव सांगितलं. तो गरजला, "दौंडचे रामभाऊ गार्ड यांच्याकडून घाटाच्या राजाला परदेशी घड्याळ! बघा बघा मंडळी, मागनं बी काच हाय!" नानांची मान वळली. माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मी मोठ्यानं म्हणाले, "पण आधी नानांनी बघावं, आन् चालू हाय का बंद हाय ते माईकवर सांगावं. घड्याळातलं नानांस्नी कळतं." निवेदकानं हसत हसत घड्याळ नानांच्या तळहातावर ठेवलं आणि माईक त्यांच्या तोंडाशी नेला.

आता बोल म्हणावं. बंद म्हटलं तर घाट हसणार, की ज्याला उभा काटा कळत नाही तो आमच्या बैलांचे सेकंद कसा मोजतो? चालू म्हटलं तर साखरपुड्याच्या मंडपात असलेली निम्मी माणसं समोरच उभी होती. नानांनी कमिटीकडं बघितलं. "आरं, कमिटीनं बघावं की," असं पुटपुटले. कमिटीचा म्हातारा म्हणाला, "नाना, तुम्ही असताना आम्ही कशापायी?" तोवर त्यांची बोटं मात्र आपलं काम करत होती. सवयच ती. अंगठ्यानं बांगडी फिरवली, सैल केली, बटण दाबलं, काटा सुटला. दाबलं, थांबला. खालची बांगडी, खालचं बटण, वर. एवढ्या सफाईनं तर मलाही यायचं नाही. पुढच्या रांगेतल्यांनी ते बघितलं. नानांच्या लक्षात आलं की सगळे बघतायत. "चालू हाय," ते म्हणाले. भोंग्यानं ते घाटभर नेलं.

मी माईक ओढला. "हेच घड्याळ माझ्या बापानं तुमच्या पुतण्याच्या हातात बांधलं तवा असंच चालू होतं, नाना. काटा असाच वर होता. तवा बंद कसं म्हणालात?" निवेदक माईक सोडवून घ्यायला धडपडत होता, पण तेवढं बोलून झालं होतं. खालच्या घोडीच्या गळ्यातले घुंगरू वाजले ते वर ऐकू आले. मग जो गाडा सुटायचा होता त्याचा मालक खालून वर चालत आला, फेटा सावरत, आणि नानांसमोर उभा राहून म्हणाला, "नाना, माझी बारी तुमच्या घड्याळावर पळायची न्हाई." दुसरा म्हणाला, "माझी बी न्हाई." कमिटीच्या म्हाताऱ्यानं घड्याळासाठी हात पुढं केला. नानांनी गळ्यातली दोरी काढली. काढताना ती त्यांच्या टोपीत अडकली, टोपी खाली पडली, आणि ती उचलून द्यायला कुणी वाकलं नाही. मीही नाही. मला दया आली नाही. मला अशी गार, गोड झुळूक लागल्यासारखं वाटलं, आणि अजून आठवलं की तसंच वाटतं.

घड्याळ मी खरंच देऊन टाकलं. शब्द दिला होता, आणि आप्पांच्या नावानं दिला होता. जो घाटाचा राजा झाला तो ते घालून पुढची सगळी वर्षं यात्रेयात्रेला फिरला, आणि कुणी विचारलं की बटण दाबून दाखवत गोष्ट सांगायचा. मला याहून जास्त काय हवं होतं? आईनं मला झोडपायचंच बाकी ठेवलं. मावशीला कळवलं तर ती फोनवर आधी रडली आणि मग खदाखदा हसली. "वसूल झालं गं मंदे," म्हणाली, "पै न पै." आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालू हाय म्हणाला? माईकवर?" मी म्हटलं, व्हय. "परत सांग," ते म्हणाले. मी परत सांगितलं. भाकरी गार होईस्तोवर त्यांनी माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा सांगून घेतलं, आणि त्या दिवशी जास्तीची भाकरी मागून खाल्ली. आता घाटात माणसाच्या हातात घड्याळ राहिलेलं नाही. तारांवर आणि दिव्यांवर सेकंद मोजतात, आकडे पाटीवर लाल पेटतात. मी ते नातवाच्या मोबाईलवर बघते आणि म्हणते, बरं झालं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. त्या दुसऱ्या स्थळाच्या, एमआयडीसीत जमीन गेलेल्यांच्या, कानावर घाटातली हकीकत गेली आणि त्यांनी आपली मुलगी द्यायचं नाकारलं. पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी राजेंद्र आणि त्याची आई दौंडला आमच्या दारात उभे. हातात नारळ, पिशवीत साडी. नाना आले नव्हते. आईनं सवयीनं चहा टाकला. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं साखर सांडली. राजेंद्रची आई खुर्चीच्या काठावर बसून बोलत होती, नाना म्हातारं माणूस, चुकलं त्यांचं, पोरांची मनं जुळल्याली, आपण कशाला आडवं यायचं. आप्पा ऐकत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आईकडं बघितलं नाही. ते म्हणाले, "सुमनला विचारा."

सुमनताई शिवणाच्या मशीनवर होती आणि फोन वाजला की तिची मशीन कशी थांबायची ते मी महिनोन्महिने बघितलं होतं. ती हो म्हणाली असती तर माझ्या घाटातल्या सगळ्या पराक्रमाची माती झाली असती. ती उठली, अंगावरचे दोरे झटकले आणि बाहेर आली. राजेंद्र तिच्याकडं बघून हसला, तेच छान हसू. तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडं सरळ बघितलं आणि विचारलं, "तुमास्नी ठाऊक होतं का?"

तो आईकडं बघायला लागला. सुमनताई म्हणाली, "तिकडं नका बघू. घड्याळ तुमच्या हातात होतं. लहानपणापासनं नानांच्या शेजारी घाटात बसताय. काटा वर उभा म्हंजी काय, ठाऊक होतं का न्हाई?"

त्यानं चहाच्या कपात बघितलं. "व्हय," म्हणाला. "पण नाना म्हणाले, गप बस."

"मग गप बसा," सुमनताई म्हणाली.

राजेंद्रनं कप खाली ठेवला. सुमनताई आत गेली आणि तिची मशीन पुन्हा सुरू झाली.